पाण्याचा एक थर आणि फिरलेली बाजी: १५७ नॅनोमीटर विरुद्ध इमर्शन लिथोग्राफी

२००१ साली चिपउद्योगातल्या बहुतेक जाणकारांच्या मते पुढची पायरी ठरलेली होती. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, प्रकाशाने चिपची नक्षी उमटवणाऱ्या यंत्रांची (लिथोग्राफीच्या स्कॅनरची) तरंगलांबी ३६५ नॅनोमीटरवरून २४८ वर आणि तिथून १९३ वर आली होती. पुढचा आकडा १५७. त्यासाठीचा फ्लोरीन लेसर तयार होता. जपानच्या निकॉन व कॅनन आणि नेदरलँड्सची एएसएमएल या तिन्ही स्कॅनर-कंपन्यांचं काम चालू होतं, इंटेलच्या आराखड्यातही १५७ ला जागा होती. मे २००३ मध्ये इंटेलने ती जागा काढून टाकली. २००७ पर्यंत उद्योग १९३ वरच राहून, पण पाण्यातून प्रकाश पाठवून (यालाच इमर्शन म्हणतात), ४० नॅनोमीटरच्या आसपासच्या रेषा काढू लागला होता. याच काळात स्कॅनरच्या बाजारातलं पारडं एएसएमएलकडे असं झुकलं की ते पुन्हा वर आणणं जपानी कंपन्यांना जमलं नाही.

एका हुशार कल्पनेने बाजी मारली, असं हे प्रकरण बहुधा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कल्पना सगळ्यांसमोर होती. निकॉनने तर तिचा अभ्यास फार लवकर आणि फार नीट केला होता. निर्णायक ठरल्या त्या दोन गोष्टी: कुठल्या पर्यायात किती गोष्टी एकाच वेळी नव्याने शिकाव्या लागणार होत्या, आणि ते शिकणं कोणाच्या यंत्रावर आधी सुरू झालं.

आकड्यांचं गणित

स्कॅनर किती बारीक रेषा काढू शकतो हे ठरवणारं सूत्र लहान आहे. अर्धा पिच (एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंतच्या अंतराचा अर्धा भाग) म्हणजे प्रक्रियेचा स्थिरांक के-१ गुणिले तरंगलांबी, भागिले न्यूमरिकल अपर्चर. के-१ ची एका एक्स्पोजरमधली, म्हणजे एकदाच प्रकाश टाकून नक्षी उमटवतानाची, सैद्धांतिक मर्यादा ०.२५, उत्पादनात ०.२८ च्या आसपास टिकवणं हीच मोठी कसरत. न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे एनए, हा लेन्स आणि वेफर यांच्यामधल्या माध्यमाचा अपवर्तनांक गुणिले किरणाच्या कमाल कोनाचा साइन. मध्ये हवा असेल तर तो १ च्या वर जाऊच शकत नाही. कोरड्या यंत्रांनी ०.९३ पर्यंत मजल मारली.

के-१ ०.२८ धरून हिशोब करू. १९३ नॅनोमीटर आणि एनए ०.९३ घेतले तर ५८ नॅनोमीटर. तोच एनए ठेवून तरंगलांबी १५७ केली तर ४७. आता तरंगलांबी १९३ च ठेवून मध्ये पाणी भरा. या तरंगलांबीला पाण्याचा अपवर्तनांक १.४४ आहे, त्यामुळे एनए १.३५ पर्यंत नेता येतो आणि उत्तर येतं ४०. पाण्यात १९३ ची परिणामी तरंगलांबी १३४ नॅनोमीटर होते. म्हणजे ज्या १५७ साठी इतका खटाटोप चालला होता, त्याच्याही खालची.

दुसरा फायदा फोकसच्या खोलीचा, आणि फॅबमधल्या, म्हणजे चिपकारखान्यातल्या, माणसाला तो जास्त जवळचा. तीच रेषा पाण्यातून काढली तर किरण कमी तिरपे येतात आणि फोकसची खोली किमान १.४४ पट होते. वेफर कधीच पूर्ण सपाट नसतो, खालच्या थरांचे उंचसखल भागही असतात. त्यामुळे ही वाढ थेट चांगल्या चिपांच्या संख्येत दिसते.

१५७ कुठे अडलं

१५७ ची अडचण एक नव्हती, आणि मुद्दा तोच आहे. १९३ ला चालणारी क्वार्ट्झ काच १५७ ला पुरेशी पारदर्शक नाही, म्हणून लेन्स कॅल्शियम फ्लोराइडच्या एकसंध स्फटिकाच्या करायच्या होत्या. हे स्फटिक भट्टीत आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढवावे लागतात, आणि लेन्सला लागतील एवढे मोठे निर्दोष तुकडे त्यातून थोडेच निघतात. त्यात २००१ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेतल्या जॉन बर्नेट आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की १५७ वर या स्फटिकात अंगभूत द्वि-अपवर्तन आहे. प्रकाशाच्या दोन ध्रुवण-दिशांमध्ये दर सेंटिमीटरला सुमारे ११ नॅनोमीटरचा फरक पडतो. उद्योगाची अपेक्षा १ नॅनोमीटरच्या आसपास होती. लेन्समध्ये एकूण अर्धा मीटर स्फटिक असेल आणि सगळा वाईट दिशेनेच लावला तर फरकाची बेरीज ५५० नॅनोमीटर, म्हणजे तीनहून जास्त तरंगलांब्या.

हा दोष ताणामुळे आलेला असता तर स्फटिक पुन्हा तापवून हळू थंड केल्यावर कमी झाला असता. पण तो स्फटिकाच्या रचनेतच होता. वेगवेगळ्या दिशांनी कापलेले तुकडे एकमेकांच्या तुलनेत फिरवून बसवायचे आणि एकाचा दोष दुसऱ्याने खोडायचा, असा उपाय निघाला. उपाय खरा होता, पण लेन्सचा आराखडा नव्याने करावा लागला आणि स्फटिकाची मागणी आणखी वाढली.

बाकीच्या अडचणी शेजारीच उभ्या होत्या. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प १५७ चा प्रकाश शोषतात, म्हणून सगळा प्रकाशमार्ग नायट्रोजनने भरलेला हवा. मास्कवर, म्हणजे चिपच्या नक्षीच्या साच्यावर, धूळ बसू नये म्हणून लावतात ती पातळ पॉलिमरची पेलिकल या प्रकाशात टिकेना. तिच्याऐवजी सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीची कठीण काच लावायची, तर ती स्वतःच प्रकाशमार्गातला एक घटक होते आणि तिचा जरासा बाकही नक्षी सरकवतो. फोटोरेझिस्टची, म्हणजे वेफरवरच्या प्रकाशसंवेदी थराची, जुनी पॉलिमरं १५७ ला अपारदर्शक; नवी फ्लोरिनयुक्त रसायनं शून्यापासून बनवायची. लेन्स, वायू, पेलिकल, मास्कची काच, रेझिस्ट: यातलं एकही काम अशक्य नव्हतं. पण यातलं एक जरी मागे पडलं तरी बाकी चारांचा उपयोग नव्हता.

पाण्याची बाजू कोणी मांडली

लेन्स आणि नमुना यांच्यामध्ये द्रव ठेवण्याची युक्ती सूक्ष्मदर्शकांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. लिथोग्राफीसाठीही ती १९८० च्या दशकात सुचवली गेली होती. २००१ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या स्विट्केस आणि रॉथ्सचाइल्ड यांनी तिच्यावर पुन्हा काम केलं, पण १५७ च्या संदर्भात. आणि १५७ ला पाणी अपारदर्शक असल्यामुळे त्यांना फ्लोरिनयुक्त तेल वापरावं लागलं. २००२ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे बर्न लिन उघडपणे म्हणू लागले की १५७ सोडा आणि १९३ पाण्यात बुडवा. आयबीएममध्ये दोन दशकं काम केलेले लिन २००० साली टीएसएमसीत आले होते. यंत्र बनवणाऱ्याने नव्हे, यंत्र विकत घेणाऱ्याने ही भूमिका घेतली, हे महत्त्वाचं. १५७ मध्ये त्यांच्या कंपनीचे पैसे लेन्स-कारखान्यात अडकलेले नव्हते.

इंटेलने २००३ मध्ये १५७ सोडलं म्हणजे पाणी स्वीकारलं असंही नाही. कोरडं १९३ शक्य तितकं ताणायचं आणि मग थेट ईयूव्हीवर, म्हणजे त्याहून फार लहान तरंगलांबीच्या प्रकाशावर, जायचं, असा त्यांचा विचार होता. पण १५७ चा सर्वांत मोठा संभाव्य गिऱ्हाईकच निघून गेल्यावर बाकीच्यांना त्यात पैसे घालत राहण्याचं कारण उरलं नाही.

यंत्रात पाणी भरल्यावर काय होतं

अख्खा वेफर पाण्यात बुडवायचा नाही. लेन्सच्या शेवटच्या भिंगाभोवती एक कडं बसवतात, त्याला हुड म्हणतात. हुडमधून अतिशुद्ध, हवा काढून टाकलेलं पाणी आत सोडतात आणि कडेच्या बारीक छिद्रांतून ओढून घेतात. भिंग आणि वेफर यांच्यामध्ये मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी जाडीचं डबकं राहतं, आणि वेफर त्याच्याखालून सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने सरकत जातो, थांबतो, उलटा फिरतो. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर २६ बाय ३३ मिलिमीटरची शंभरेक क्षेत्रं असतात. प्रत्येकावर हे होतं.

पहिली भीती बुडबुड्यांची होती. रेझिस्टजवळचा बुडबुडा स्वतःच भिंग होतो आणि खालची नक्षी फुगवतो किंवा पुसतो. पाण्यातली हवा आधीच काढली की विरघळलेल्या हवेचे बुडबुडे बहुतांश संपले. उरले ते डबक्याच्या पुढच्या कडेने हवा कोंडल्याने होणारे आणि वेफरच्या काठावर होणारे. वेफर आणि त्याच्याभोवतीची स्टेज (वेफर धरून सरकवणारा मंच) यांच्यात फट असते. हुड काठावरून जाताना त्या फटीतली हवा पाण्यात येते, म्हणून फटीतूनही वेगळी ओढ द्यावी लागली.

दुसरा त्रास जास्त चिवट निघाला: मागे राहिलेला थेंब. वेफर वेगाने ओढला की डबक्याची मागची कड ताणली जाते. पृष्ठभाग पुरेसा जलविरोधी नसेल तर तिथे थेंब तुटून राहतो. तो वाळेपर्यंत रेझिस्टमधलं आम्लजनक रसायन त्यात उतरतं, पाणी रेझिस्टमध्ये शिरतं, आणि डेव्हलप केल्यावर (रसायनाने नक्षी उघडी केल्यावर) तिथे काही मायक्रोमीटरचा गोल डाग दिसतो. डागाच्या आत रेषा असतात, पण एकमेकींना चिकटलेल्या किंवा माथ्यावर जाड झालेल्या. गोल कड आणि आत बिघडलेल्या रेषा दिसल्या की कारण पाणी. रेषा शाबूत आणि वर कण पडलेला असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

इथे मोजायची राशी म्हणजे मागे सरकणाऱ्या कडेचा संपर्ककोन, पाण्याची कड पृष्ठभागाशी करते तो कोन. सेकंदाला ५०० मिलिमीटरच्या वेगासाठी तो साधारण ७० अंशांच्या वर हवा. नेहमीचा स्थिर संपर्ककोन पाहून रेझिस्ट निवडणाऱ्यांची फसगत व्हायची, कारण स्थिर कोन ९० च्या आसपास असूनही मागे सरकणारा कोन ५५ असू शकतो. सुरुवातीचा उपाय टॉपकोट: रेझिस्टवर आणखी एक फ्लोरिनयुक्त थर, तो पसरवायला वेफर पुन्हा फिरवणं आणि भाजणं. त्याने थेंबही आवरला आणि रसायनांची गळतीही. गळतीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला मोलच्या लाख-कोटीव्या भागाच्या घरातली होती, कारण हे सगळं शेवटच्या भिंगाच्या तळाशी जमा होतं. पुढे रेझिस्टमध्येच असं फ्लोरिनयुक्त पॉलिमर मिसळू लागले की जे फिरवताना आपोआप वर येतं. मग टॉपकोटची एक पायरी वाचली.

तिसरं, काठ. परावर्तनरोधी थर, रेझिस्ट आणि टॉपकोट हे तिन्ही वेफरच्या काठाशी कुठे कापले जातात याचा क्रम चुकला की हुडची ओढ एखाद्या थराची कड उचलते. तो पापुद्रा पाण्याबरोबर फिरतो आणि कुठेही बसतो. कोरड्या यंत्रात काठावरची घाण काठावरच राहायची. पाण्याने तिला वाहन मिळालं. फॅबमध्ये सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो बहुधा याच कामाने, आणि परिषदांतल्या भाषणांत त्याचा उल्लेख सर्वांत कमी.

आणि तापमान. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला दहा हजारात एक एवढा बदलतो. ०.०१ अंशाच्या फरकाने एक मिलिमीटर पाण्यात प्रकाशमार्ग १ नॅनोमीटरने बदलतो, आणि अशा लेन्सच्या एकूण चुकीची मुभाच त्या घरातली असते. त्याहून मजेदार हिशोब वाळणाऱ्या थेंबाचा. ३०० मिलिमीटरच्या वेफरचं वजन सुमारे १२८ ग्रॅम, त्याला एक अंश तापवायला ९० ज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. एक मिलिग्रॅम पाणी वाळताना २.४ ज्यूल घेऊन जातं. ती सगळी वेफरमधून गेली तर वेफर ०.०२७ अंशाने थंड होतो आणि सिलिकॉनचा प्रसरणांक धरला तर पूर्ण व्यास २१ नॅनोमीटरने आकसतो. खालच्या थराशी जुळणी सात-आठ नॅनोमीटरच्या आत ठेवायची असताना! संपूर्ण वेफर सारखा आकसला तर यंत्र मोठेपणा किंचित बदलून ते भरून काढतं. पण थेंब एका कोपऱ्यात वाळतो, आणि ती वाकडी विकृती भरून काढायला सोपं बटण नाही. म्हणून वेफर पूर्ण कोरडा निघणं हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न नव्हता.

एक गोष्ट पाण्याच्या नव्हे, कोनाच्या खात्यात जाते. एनए १.२ झाला की १.७ अपवर्तनांकाच्या रेझिस्टमध्ये किरण ४५ अंशांनी तिरपे जातात. समोरासमोरून आलेले दोन किरण मग एकमेकांशी काटकोन करतात, आणि चुकीच्या ध्रुवणात त्यांचा व्यतिकरण-कॉन्ट्रास्ट शून्यावर येतो. त्यामुळे ध्रुवित प्रकाश ही चैन न राहता गरज झाली.

एवढी यादी वाचून १५७ च्या यादीची आठवण होईल. फरक असा की इथल्या अडचणी एकमेकींत अडकलेल्या नव्हत्या. लेसर, मास्क, पेलिकल आणि मूळ रेझिस्ट-रसायन सगळं जुनंच. डाग पडत असले तरी यंत्र चालत होतं, वेफर निघत होते, आणि रोज मोजता येत होतं की काल ४० डाग होते तर आज २५.

दोन कंपन्या, दोन वाटा

निकॉनच्या सोइची ओवा आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या सुरुवातीलाच इमर्शनच्या शक्यता आणि अडचणींचं सविस्तर विश्लेषण जाहीर केलं होतं. समज कमी होती असं म्हणायला जागा नाही. पण त्याच वेळी ही कंपनी १५७ वर, शिवाय इलेक्ट्रॉन प्रक्षेपण लिथोग्राफीवरही (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी नक्षी काढण्यावर) काम करत होती, आणि लेन्स, काच, स्टेज सगळं स्वतःच बनवत होती.

एएसएमएल लेन्स जर्मनीच्या कार्ल झाइसकडून आणि लेसर बाहेरून घ्यायची. २००० साली तिने ट्विनस्कॅन हा दोन स्टेजचा पाया आणला होता. एका स्टेजवर वेफरची उंची आणि जुळणीच्या खुणा मोजायच्या, त्याच वेळी दुसऱ्या स्टेजवर आधी मोजलेला वेफर एक्स्पोज करायचा. हे ३०० मिलिमीटरच्या वेफरवरचा वेग वाढवण्यासाठी केलं होतं. पाण्याचा विचार त्यात नव्हता. पण इमर्शन आल्यावर त्याचा वेगळाच उपयोग झाला: मोजणी कोरड्यात, एक्स्पोजर ओल्यात. कोरड्या यंत्रांसाठी पक्के केलेले उंचीचे आणि जुळणीचे सेन्सर जसेच्या तसे चालले. अडचण एकच, स्टेजची अदलाबदल होताना भिंगाखालचं पाणी धरून ठेवायचं, नाहीतर भिंग वाळून त्यावर डाग पडतो.

मग एएसएमएलने मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते पाऊल उचललं. ०.८५ एनएची कोरड्या यंत्राची लेन्स थोडी बदलून एक्सटी:१२५०आय बनवली आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या अल्बनी नॅनोटेक या संशोधनकेंद्राला आणि टीएसएमसीला दिली. एनए १ च्या खालीच असल्याने या यंत्राने रेषा बारीक होत नव्हत्या. मिळत होती ती फक्त फोकसची खोली. पण हुड, डाग, काठ, टॉपकोट यांचा अभ्यास खऱ्या प्रक्रियेत सुरू झाला. झाइसने आरसे असलेली नवी लेन्स तयार करेपर्यंत पाण्याच्या बाजूचं बरंच काम उरकलेलं होतं. २००६ मध्ये एनए १.२ चं एक्सटी:१७००आय आलं, २००७ मध्ये १.३५ चं एक्सटी:१९००आय.

निकॉनचं एनएसआर-एस६०९बी २००६ च्या सुरुवातीला आलं, एनए १.०७, उत्पादनासाठीचं १ च्या वरचं पहिलं यंत्र. त्याची स्टेज-रचना सुबक होती: वेफरची स्टेज बाहेर जाताना मापनाची छोटी स्टेज तिला चिकटून येते आणि पाणी न तुटता एकीवरून दुसरीवर सरकतं. २००७ चं एस६१०सी १.३० वर होतं. १.३५ शी तुलना केली तर वरच्या हिशोबाने ४० ऐवजी ४१.६ नॅनोमीटर. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, आणि तासाला १३० वेफर हा दावाही जवळपास सारखाच. पण मेमरीच्या चिपमध्ये दीड नॅनोमीटरवर पिढी ठरते. दुसरं असं की एएसएमएलसारखी वेफर मोजायला दुसरी वेफर-स्टेज नसल्याने जास्त बिंदूंवर मोजायचं तर निकॉनच्या यंत्राला वेग सोडावा लागायचा. कॅननने १.३५ चं यंत्र जाहीर केलं खरं, पण अग्रभागीच्या स्पर्धेतून ती बाहेरच पडली.

एनए १.३५ नंतर

पाण्याची मर्यादा गाठल्यावर उद्योगाने तीच युक्ती पुढे रेटायचा प्रयत्न केला: १.६४ अपवर्तनांकाचे द्रव, आणि शेवटच्या भिंगासाठी २.१४ अपवर्तनांकाचा ल्युटेशियम-ॲल्युमिनियम गार्नेट हा स्फटिक. द्रव मिळाले. गार्नेटमधलं प्रकाशशोषण मात्र पुरेसं खाली येईना, आणि २००९ च्या सुमारास तो मार्ग सोडला गेला. एक स्फटिक, एक पुरवठादार-साखळी, आणि तिच्यावर सगळं अवलंबून: १५७ चाच साचा.

त्याऐवजी दुहेरी पॅटर्निंग आलं, म्हणजे एकाच थराची नक्षी दोन वाट्यांत काढणं. इथे जुळणीची चूक थेट रेषांमधल्या अंतराची चूक होते, म्हणून मागणी सात नॅनोमीटरवरून तीनच्या खाली गेली. एएसएमएलने एनएक्सटी:१९५०आयमध्ये स्टेजची जागा मोजायला लेसर इंटरफेरोमीटरऐवजी (लांबून लेसर-किरण टाकून अंतर मोजणारं साधन) जाळीवरचे एनकोडर (जवळच्या पट्टीवरच्या बारीक खुणा वाचणारे सेन्सर) बसवले, कारण लांबच्या हवेतून जाणाऱ्या किरणाला त्या हवेची हालचालच चुकवते. जाहीर जुळणी २.५ नॅनोमीटर, वेग तासाला १७५ वेफर. निकॉनचं एस६२०डीही एनकोडर घेऊन आलं, १.३५ एनए, २ नॅनोमीटर, तासाला २०० वेफर हे त्याचे आकडे उलट सरस होते. पण तोवर फॅबमधले आधीचे थर एएसएमएलच्या यंत्रांवर बसवलेले होते. दोन वेगळ्या बनावटींच्या यंत्रांची लेन्स-विकृती आणि स्टेजची जाळी वेगवेगळी असते; एक थर एकावर आणि पुढचा दुसऱ्यावर काढला तर तो फरक जुळणीत येतो. तो भरून काढण्याचं काम कंपनीच्या डोक्यावर नव्याने घेण्यापेक्षा आहे त्याच बनावटीचं आणखी एक यंत्र घेणं सोपं होतं.

प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने २००८ मध्ये ४५ नॅनोमीटर पिढीतच इमर्शन वापरलं. इंटेलने ४५ ची पिढी कोरड्या यंत्रांवरच काढली आणि ३२ ला पाणी घेतलं. टीएसएमसीची २०१८ ची ७ नॅनोमीटर पिढीही १९३ च्या ओल्या यंत्रांवरच, अनेक पॅटर्निंग करून, उत्पादनात आली. निकॉनकडचं ज्ञान पोकळ नव्हतं याची किंमतही ठरली: पेटंटच्या वादात एएसएमएल आणि झाइस यांनी २००४ च्या तडजोडीत मिळून १४.५ कोटी डॉलर आणि २०१९ मध्ये १५ कोटी युरो निकॉनला दिले.